हिरालालच्या मागे लागलेलं नेटवर्क

"प्रतिक्षा, तू फक्त केस विंचरून बस. नेटवर्कचं माह्यावर सोड!" सुगतनं छाती ठोकून बहिणीला सांगितलं.

नागपूरच्या एका कंपनीत प्रतिक्षाची मुलाखत होती, तीही मोबाइलवर, व्हिडिओवर! आणि त्यांचं घर सिहोऱ्याबाहेर अशा खोलगटात, की नेटवर्क तलावाच्या पारीवरूनच, म्हणजे उंच बांधावरूनच, माघारी फिरायचं. पारीवर जाऊन बोलावं, तर वाऱ्यानं शब्द उडून जायचे.

पण सुगत इंजिनियरिंग शिकला होता! त्यानं लहान मुलांच्या बॅटरीच्या जीपवर राउटर बसवला, वर अँटेना आणि उन्हासाठी काळी छत्री बांधली. हा रोबोट पार आणि घर यांच्या मधोमध उभा राहून इकडचं नेटवर्क झेलायचा, तिकडे पोचवायचा. जोडलेला फोन लांब गेला, की आपणहून त्याच्यामागे जायचा.

"मयतीले निघाल्यावानी दिसते हा," त्यांची माय मालनबाई म्हणाली.

"माय, हे विज्ञान आहे!"

मुलाखत सुरू झाली. चित्र इतकं स्वच्छ, की पलीकडच्या मॅडमच्या कुड्यांतले मोती मोजावेत! सुगत स्वतःचीच पाठ थोपटणार, तेवढ्यात छत्री हलली. रोबोट वळला आणि पारीखालच्या वाटेनं सुटला!

सुगतनं कपाळावर हात मारला. सकाळी तपासून पाहायला त्यानं बापाचा, हिरालालचा, फोन जोडला होता. तो काढायचाच राहिला! आणि तोच फोन खिशात घालून हिरालाल सायकलनं धानाच्या बांधीकडे, आपल्या शेताकडे, निघाला होता. रोबोट थांबवायचं बटण सुगतच्या मोबाइलवर होतं खरं. पण रोबोट लांब गेला, की ते नुसतं चित्र!

"मॅडम, एक मिनिट हं," म्हणत प्रतिक्षा मोबाइल तोंडासमोर धरून धावली. तिच्यामागे सुगत, सुगतच्या मागे मालनबाई!

हिरालालनं वळून पाहिलं. नुसती छत्री, खाली माणूस नाही, आणि ती अंगावर येऊन राहिली! त्यानं जीव खाऊन पायडल हाणलं. तो जितका पळे तितकं त्याच्या फोनचं नेटवर्क कमी, आणि नेटवर्क जितकं कमी तितका रोबोट पिसाळे!

"बाबा, थांबा!"

"कायले थांबू? याले थांबव ना!"

"तुमचा फोन फेका!"

"माहा काहून फेकू? तुहा फेक!"

"प्रतिक्षा, तुम्ही धावताय का?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम," ती धापा टाकत म्हणाली, "मी... संपर्कात राहून राहिली!"

अखेर बांधीच्या कडेच्या अरुंद धुऱ्यावरून सायकल घसरली. हिरालाल चिखलात बसला. पाठोपाठ रोबोटही त्याच्याशेजारी येऊन रुतला, छत्री बरोब्बर हिरालालच्या डोक्यावर! चाकं थांबली, राउटर मात्र जिवंत!

प्रतिक्षानं धुऱ्यावर बसकण मारली आणि उरलेली मुलाखत ठणठणीत दिली. तोवर हिरालाल कमरेपर्यंत चिखलात जागचा हलला नाही.

"निघा ना बाहेर!" मालनबाई कुजबुजली.

"चूप! मी हललो तं हा बी हलन. पोरीचं होऊ दे."

"सोमवारपासून या," मॅडम म्हणाल्या. मालनबाईनं लेकीला मिठीच मारली.

"माह्या रोबोटबद्दल काही विचारलं का?" सुगतनं अधीर होऊन विचारलं.

"नाही," प्रतिक्षा म्हणाली. "पण तुझ्यामागे छत्रीखाली बसले ते कोण, म्हणून विचारलं. म्हणे, एवढा शांत माणूस आमच्या अख्ख्या ऑफिसात नाही!"

हिरालालनं चिखलाच्याच हातानं मिशी सारखी केली. सुगत पँट दुमडून रोबोट काढायला चिखलात उतरला.