दिवाणखान्यातलं उड्डाण

विमानाची चाचणी घरच्या घरी घ्यावी हा विचार माझाच होता, हे आधीच कबूल करून टाकतो. नाहीतर पुढे कुठेतरी तुम्हाला वाटेल की ही कल्पना आमच्या कन्येची किंवा सासऱ्यांची असावी. तसं नाही. त्यांनी फक्त माझं ऐकलं. घरात माझं कुणी ऐकत नाही ही माझी वीस वर्षांची तक्रार आहे, आणि ज्या एका रविवारी सगळ्यांनी माझं शब्दशः ऐकलं त्या रविवारची ही हकिकत.

मी एका कॉलेजच्या खरेदी विभागात हेडक्लार्क आहे. खडूच्या खोक्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत कॉलेजात जे काही येतं ते माझ्या सहीने येतं. आमच्या विभागाचे नियम दोनच. तीन कोटेशन मागवून सगळ्यात कमी दराचं घ्यायचं, आणि नमुना तपासल्याशिवाय ऑर्डर द्यायची नाही. (दुसरा नियम मी एकदाच मोडला. तेव्हा आलेल्या दीडशे खुर्च्यांपैकी सहा आमच्या घरी आहेत. प्राचार्य म्हणाले, "ज्याने घेतल्या त्यानेच बसावं.")

आमची मेहुणी, म्हणजे बायकोची थोरली बहीण, तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताई राहतात लांब परदेशात, विमानाने चौदा तासांवर. नऊ वर्षांत त्यांचं येणं झालं नाही आणि आमचं जाणं झालं नाही. सासरे, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, आमच्याकडेच असतात. वय अठ्ठ्याहत्तर. दर रविवारी अकरा वाजता ताईंचा व्हिडिओ कॉल येतो. पण ताई फोन असा काही धरतात की पडद्यावर त्यांचं फक्त कपाळ दिसतं.

"नऊ वर्षं मी माझ्या मुलीच्या कपाळाशी बोलतोय," आप्पा म्हणतात. "तिला हनुवटी उरलीय की नाही, देव जाणे."

शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, गुडघे धड आहेत तोवर मुलीला भेटून या, पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही. त्या दिवसापासून आप्पा बूट घालूनच पेपर वाचायला बसू लागले. जायचं ठरलं. प्रश्न उरला विमान कुठलं, एवढाच.

मी रीतसर तीन कोटेशन मागवली. पहिलं विमान बायकोच्या मनातलं. त्यात पाय पसरायला जागा, दोन वेळचं जेवण, उशी, पांघरूण. दुसरं मधलं. तिसऱ्याचा दर बघून माझे डोळे भरून आले. ते विमान तुम्हाला फक्त नेऊन सोडतं. बाकी काही मागायचं नाही. पाणीसुद्धा विकत. आणि पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंतचं अंतर अठ्ठावीस इंच.

"अहो, अठ्ठावीस इंचांत आप्पा चौदा तास कसे बसतील?" बायको म्हणाली.

"अगं, अठ्ठावीस इंच म्हणजे काही कमी नाही. माझी कंबरच अडतीस आहे."

"म्हणूनच म्हणतेय."

वाद वाढला. आप्पा बिचारे दोघांकडे आळीपाळीने बघत होते. "मला चाकापाशी बसवून न्या," ते म्हणाले, "पण न्या." मला कसंसंच झालं. आणि त्या कसंसं होण्याच्या भरात मी बोलून गेलो, "ठीक आहे. नमुना तपासू!"

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एका ट्रॅव्हल एजंटचं दुकान आहे. त्याने स्वस्त विमानातल्या चार जागा रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत धरून ठेवायचं कबूल केलं. चाचणीची वेळ ठरली रविवारी सकाळी दहा ते दुपारी चार. चौदा तासांचा नमुना म्हणून सहा तास पुरेत असा मी निवाडा दिला.

शनिवारी मी टेप घेऊन दिवाणखान्यात विमान उभारलं. मागे भिंतीला टेकून कॉलेजच्या त्या सहांतल्या तीन खुर्च्या, समोर बरोब्बर अठ्ठावीस इंचांवर आणखी तीन. पुढच्या खुर्च्या हलू नयेत म्हणून त्यांवर कपड्यांनी ठासून भरलेल्या सुटकेसी. खिडकीपाशी आप्पा, मधे मी, कडेला बायको. कन्या चौदा वर्षांची आहे. तिला मी हवाई सुंदरी आणि वैमानिक अशी दोन्ही पदं बहाल केली. (स्वस्त विमान. माणसं कमीच असणार.)

मग मी नियम टाइप केले. उड्डाणानंतर घराचं दार उघडलं जाणार नाही. सगळे फोन बंद करून हवाई सुंदरीकडे जमा. परवानगीशिवाय जागा सोडायची नाही. कुणाला काही हवं असेल तर हवाई सुंदरीकडे मागायचं. आणि शेवटचा नियम ठळक अक्षरांत, "जो प्रवासी मधेच उतरवण्याची मागणी करील तो लांबच्या प्रवासास अपात्र ठरेल." हा नियम आप्पांसाठी होता. खाली चौघांच्या सह्या घेतल्या.

दहाला आम्ही उडालो. कन्येने गळ्यात रुमाल बांधला होता आणि चेहऱ्यावर असं हसू आणलं होतं की जे मी घरात कधी पाहिलं नव्हतं. चारही फोन तिने बिस्किटांच्या डब्यात टाकून डबा माळ्यावर ठेवला.

पहिली दहा मिनिटं मजेत गेली. अकराव्या मिनिटाला बायको झोपली. साधीसुधी नाही, माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ. वीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे कुणी काही मागणार नव्हतं, कारण तसा लेखी नियम होता. आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर समोरच्या इमारतीची गच्ची आणि तिच्यावर वाळत घातलेल्या चादरी.

"ढग काय सुरेख आहेत, जावईबापू," आप्पा म्हणाले.

तेवढ्यात कन्येने घोषणा केली, "पुढच्या प्रवाशाने सीट मागे केली आहे." आणि माझ्या समोरची खुर्ची तिने खरंच माझ्याकडे कलती केली.

मी वर सांगितलंच आहे की या खुर्च्या नापास झालेल्या मालातल्या आहेत. कड्कन आवाज झाला, पुढचे दोन पाय गेले की मागचे ते मला दिसलं नाही, कारण बावीस किलोंची सुटकेस माझ्या मांडीवर आली आणि तिच्यावर खुर्ची. माझे गुडघे भिंतीत खिळा ठोकावा तसे ठोकले गेले. उजवीकडे झोपलेली बायको, डावीकडे ढग बघणारे आप्पा, मांडीवर सुटकेस.

"हे उचल!" मी ओरडलो.

"सामानाला हात लावायला कर्मचाऱ्यांना परवानगी नाही," कन्या म्हणाली. "बारा किलोंच्या वर तर नाहीच नाही."

"पाणी तरी दे."

"पाणी विकत आहे."

"माझं पाकीट पँटच्या मागच्या खिशात आहे गं!"

"मग काढा ना," ती गोड हसून म्हणाली. घरात ती मला 'अरे बाबा' म्हणते. विमानात एकदम अहो-जाहो. मला त्याचंच जास्त लागलं.

अकराच्या सुमाराला आप्पांनी घड्याळ पाहिलं. "ताईच्या फोनची वेळ झाली."

"उड्डाणात फोन नाही, आप्पा." गुडघे चेपलेले असतानाही मी नियमाला जागलो, एवढं तरी लक्षात घ्या.

"बरोबर आहे," आप्पा म्हणाले. "आणि तिच्याकडेच तर चाललोय." त्यांनी बुटांच्या नाड्या पुन्हा घट्ट केल्या.

साडेअकराला माझा डावा पाय बधिर झाला. पावणेबाराला उजवा. बाराला मला वॉशरूमला जायची इच्छा झाली, आणि आप्पा मात्र तोवर रीतसर परवानगी घेऊन, माझ्या सुटकेसवर हात टेकवत, दोनदा जाऊनही आले होते. सव्वाबाराला माझा धीर सुटला.

"उतरवा!" मी म्हणालो. "मला उतरवा!"

"खाली समुद्र आहे," वैमानिक म्हणाली. "विमानतळ आला की बघू."

"अगं, खरंच सांगतोय, श्वास अडकतोय! उतरवा मला!"

नेमका त्याच वेळी कुणीतरी दार ठोठावलं. आधी हळू, मग जोरात. "साहेब, दार उघडा! आप्पा! सगळं ठीक आहे ना?" आवाज तळमजल्यावरच्या एजंटचा होता. देव आला, असं मला वाटलं. मी उठायची धडपड केली, सुटकेस छातीवर सरकली आणि तोंडातून शब्दाऐवजी नुसताच कण्हल्यासारखा आवाज निघाला. उत्तर आप्पांनी दिलं, अगदी खणखणीत.

"दार उघडणार नाही! आम्ही समुद्रावर आहोत!"

"काय?"

"समुद्रावर! खूप उंच! नंतर या!"

"उतरवा मलाऽऽ," मी.

बाहेर धाडधाड जिना उतरणारी पावलं. मी डोळे मिटले. बायको झोपेत गालातल्या गालात हसली.

ठीक चारला आम्ही उतरलो. आप्पा टुणकन उठले. बायको जांभई देत म्हणाली, "किती वर्षांनी अशी झोप लागली!" माझ्यावरची सुटकेस तिघांनी मिळून काढली. मला उभं करता येईना म्हणून खुर्चीसकट भिंतीपासून पुढे ओढलं. मग कन्येने माळ्यावरचा डबा काढून फोन चालू केले.

बेचाळीस मिस्ड कॉल. सगळे ताईंचे. आणि दोन तासांपूर्वीचा एक मेसेज, "विमानात बसतेय. आप्पांना सांभाळा. मी येतेय."

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. तिने फोन लावला. ताईंचा फोन बंद. पुन्हा लावला. बंद. मी खुर्चीतूनच म्हणालो, "विमानात असतील. उड्डाणात फोन नाही." त्यावर तिने माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहीत नाही.

मग एजंट वर आला आणि उलगडा झाला. अकराला कुणीच फोन उचलेना म्हणून ताईंनी घाबरून त्याच्या दुकानाचा नंबर शोधून फोन केला होता, जरा वर जाऊन बघा म्हणून. त्याने पाहिलं ते प्रामाणिकपणे कळवलं, की आप्पांना भ्रम झालाय, आपण समुद्रावर आहोत म्हणतात, आणि आत जावई शेवटच्या घटका मोजल्यासारखे कण्हतायत. ताईंचं घर विमानतळापासून वीस मिनिटांवर. पहिलं जे विमान होतं त्याचं तिकीट यानेच काढून दिलं.

"अहो, मग दार फोडायचं ना!" बायको म्हणाली.

"फोडणारच होतो," तो म्हणाला, "पण दुकानात गिऱ्हाईक आलं."

या गोंधळात पाच वाजून गेले आणि धरून ठेवलेल्या चार जागा सुटल्या. आप्पांना सगळं सांगावं लागलं. मला वाटलं ते चिडतील. ते खाली मान घालून म्हणाले, "माझ्यापायी पोरीला चौदा तास काळजी." आणि बूट न काढताच आत जाऊन पडले. त्या क्षणी मला त्या सुटकेसखाली पुन्हा जावंसं वाटलं.

सकाळी नऊला ताई आल्या. हातात फक्त पर्स, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. दारात बूट घालून आप्पा उभे होते. आप्पांनी हात पुढे करून ताईंची हनुवटी धरली, इकडून तिकडून पाहिली.

"आहे," ते म्हणाले. "तुझ्या आईचीच आहे."

सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू. पण खरेदी विभागात आयुष्य गेलेला माणूस, तोंडातून निघून गेलं, "ताई, विमान कुठलं होतं? पाय मावले का?"

"तुमचंच ते, स्वस्तातलं," ताई म्हणाल्या. "पाय मला होते की नाही तेही आठवत नाही."

ताई दोन आठवडे राहिल्या. परत जाताना आप्पांना घेऊनच जायचं असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. बायको आणि कन्याही महिन्याभरासाठी निघाल्या. तेच विमान, तेच अठ्ठावीस इंच, चाचणीत सिद्धच झालं होतं. एजंटकडे जागा भरपूर होत्या. मी नवी सुटकेससुद्धा आणली.

तेव्हा बायकोने माझ्याच टाइप केलेल्या कागदावर, माझ्याच ऑफिसच्या भाषेत लिहिलेला अहवाल पुढे ठेवला. "नमुना तपासणी पूर्ण. वैमानिकासकट तीन प्रवासी पात्र. एका प्रवाशाने उतरवण्याची मागणी एकूण सतरा वेळा केल्याने तो अपात्र." खाली आप्पांची सही, साक्षीदार म्हणून. वैमानिकाची सही, मोजणारी म्हणून.

"अगं, पण महिनाभर मी इथे करू काय?"

"तेही नियमानेच ठरवलंय," बायको म्हणाली. "झाडांना पाणी घालायला, दूध घ्यायला आणि घर राखायला माणूस हवाच होता. तीन कोटेशन मागवली. सगळ्यात कमी दराचे तुम्हीच निघालात."