बसलेल्या पाठीचं माप

"पाठीला कवच असल्याशिवाय त्या मोटारसायकलवर पुढे कुणीही बसायचं नाही," असं मास्तरांच्या बायकोने जाहीर केलं आणि ती ड्यूटीवर निघून गेली.

मास्तर शाळेतले नव्हेत, शिंपीकामाचे. कोट-पँट शिवण्यात त्यांची हयात गेली होती, आणि गळ्यातली इंचपट्टी ते जेवतानाच काय ती काढत. बायको हाडांच्या वॉर्डात नर्स, मास्तरांपेक्षा चांगली वीतभर उंच. रोज मोडक्या पाठी बघून घरी येणाऱ्या बाईशी पाठीवरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. इतर बाबतींतही नव्हता, पण तिथे मास्तर निदान प्रयत्न करत. शिवाय अट तशी रुबाबदार होती. त्यांनी ती दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःचीच म्हणून ऐकवली.

मोटारसायकल सासऱ्यांची. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी ती जावयाला देऊन टाकली आणि वर सांगितलं, की दोन महिन्यांनी, दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी ती घेऊनच जेवायला या, बघू कशी चालवता ते. मास्तरांना त्या दिवसापासून दुसरं काही सुचत नव्हतं, कारण लग्न झाल्यापासून ते कायम मागे बसत आले होते. स्कूटर बायको चालवायची, जाता जाता यांना दुकानाशी सोडायची, आणि हे मागे मांडीवर कोटांचं गाठोडं सांभाळत बसायचे. सासऱ्यांच्या फाटकात एकदा तरी आपण पुढे आणि ती मागे असं पोहोचावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी ते मैदानावर गुपचूप शिकले, परवाना काढला, आणि क्लच सोडताना गाडीने दिलेल्या हिसक्यांबद्दल घरी चकार शब्द काढला नाही. कॉलेजात असताना बायकोने हीच गाडी गावभर फिरवली होती, हे ते सोयीस्करपणे विसरले होते.

हेल्मेट आणि हातमोजे विकणाऱ्या दुकानातली मुलगी कामात तरबेज होती. तिने दुकानातल्या मोटारसायकलीकडे बोट दाखवलं. "काका, त्यावर बसा आणि हँडल धरून पुढे वाका. कमरेपासून खांद्यापर्यंत माप घेते."

गाडी उंच होती. शेजारी दोन तरुण उभे होते, आणि मास्तरांचे पाय काही जमिनीला टेकले नसते.

"माझं माप मीच देतो," मास्तर म्हणाले.

त्यांनी इंचपट्टीचं एक टोक तिच्या हातात दिलं, ते मानेपाशी धरायला सांगितलं, पोट आत घेतलं, छाती काढली आणि सवयीप्रमाणे टाचा अलगद उचलल्या. टाचा उचलल्याने पाठ लांब होत नाही, हे गिऱ्हाइकांच्या बाबतीत त्यांना पक्कं ठाऊक होतं. माप उतरलं ते कोटाच्या लांबीचं, आणि तेही जरा उंच माणसाच्या कोटाचं.

मुलगी म्हणाली, हे मोठं होईल, बसल्यावर हेल्मेटला लागेल. मास्तर म्हणाले, तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं मी पाठी मोजतोय. तिने मोठ्या मापाचं कवच बांधून दिलं आणि बजावलं, की धुताना आतलं पॅड काढून नुसतं कव्हर गार पाण्यात धुवा. गरम पाणी नको आणि इस्त्री तर नकोच. मास्तर हसले. कापडाचं आपल्याला कुणी शिकवावं, याची त्यांना गंमत वाटली.

घरी आरशासमोर उभं राहिल्यावर कवच झकास दिसलं. बायकोने पाठीवर बोटांनी टकटक करून ते पास केलं आणि माप कुणी घेतलं ते विचारलं.

"मीच. माझी पाठ दुसऱ्याच्या हातात देईन का?"

दुसऱ्या दिवशी बायको ड्यूटीवर गेल्यावर मास्तर कवच आणि हेल्मेट चढवून अंगणात मोटारसायकलवर बसले. कवचाची खालची कड सीटवर टेकली, वरची कड वर सरकली, तिने हेल्मेट मागून उचललं आणि हेल्मेट सरळ डोळ्यांवर आलं. मास्तरांना समोर फक्त पेट्रोलची टाकी आणि स्वतःचं पोट दिसायला लागलं. मालकाच्या डोळ्यांवर यावा असा कोट त्यांनी उभ्या आयुष्यात शिवला नव्हता.

बदलून आणणं सोपं होतं. पण मग त्या मुलीला तोंड दाखवावं लागलं असतं, आणि मास्तरांच्या दुकानात तर ठळक अक्षरांत पाटी होती, 'माप चुकल्यास कोट फुकट'. तेव्हा त्यांनी ठरवलं, की मूळ माप बरोबरच आहे, फक्त किरकोळ ऑल्टर करावं लागेल.

आधी त्यांनी खांद्यावरचे पट्टे सैल करून कवच खाली घेतलं. आता उभं राहिलं की ठीक, पण बसायचंच जमेना. मग पॅड खालून कापावं म्हणून कात्री उचलली, पण डोळ्यांसमोर बायकोचा वॉर्ड आला आणि कात्री खाली ठेवली. एवढी एकच अक्कल त्यांनी त्या आठवड्यात दाखवली. शेवटी शनिवारी दुकानात त्यांना धंद्यातला जुना उपाय आठवला. लांब झालेलं कापड गरम पाण्यात आटतं. कव्हर आटलं की पॅडला आवळून धरेल आणि सगळंच थोडं आखूड होईल.

कव्हर आटलं. चांगलं सढळ हाताने आटलं. पॅड मात्र केसभरही आटलं नाही, कारण ते पाण्यात गेलंच नव्हतं. मास्तरांनी जोर लावून ते आत कोंबलं, तर सगळं कवच धनुष्यासारखं वाकलं. पुन्हा पॅड बाहेर काढून, निदान कव्हर तरी ताणून सरळ करावं म्हणून त्यांनी वर इस्त्री फिरवली, आणि कव्हर इस्त्रीलाच चिकटलं.

त्यांना न्यायला आलेली बायको दारातच थांबली. "अहो, काय जळतंय?"

"काही नाही. जरा फिटिंग करत होतो."

मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. मास्तरांनी टाचा उचलण्यापासून सगळं सांगून टाकलं. ती आधी अजिबात हसली नाही, आणि मास्तर घाबरले. मग ती हसायला लागली ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसेपर्यंत हसत राहिली.

"पॅडला काही झालेलं नाही," मास्तर म्हणाले. "मी नवं कव्हर शिवतो."

"शिवा. पण पॅड तुमच्या पाठीपेक्षा लांब आहे, त्याचं काय?"

बायकोने स्टूल पुढे ओढलं, दोन्ही बाजूंना पाय टाकून त्यावर बसली, पुढे वाकली आणि हँडल धरल्यासारखे हात केले.

"आता माझं माप घ्या. कमरेपासून खांद्यापर्यंत."

मास्तरांनी घेतलं. इंचपट्टी पॅडशेजारी धरली. मग परत एकदा घेतलं, कारण त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. पॅड तिच्या पाठीला सहीसही होतं.

"बाबा उद्या वाट बघतील," ती म्हणाली. "आणि कवच असेल तोच पुढे, हे तर तुमची गिऱ्हाइकंसुद्धा सांगतात मला."

मास्तरांना मनापासून वाईट वाटलं. इतके दिवस मैदानावर खाल्लेले हिसके फुकट गेले. पण मशीनवर बसल्यावर त्यांच्याच्याने काम वाईट होईना. कोटासाठी जपून ठेवलेलं जाड कापड त्यांनी काढलं, पट्टे दुहेरी शिवले, आणि पॅड धुताना काढता यावं म्हणून बाजूला चेनसुद्धा लावली. रविवारी सकाळी बायको हेल्मेट घालून गाडीवर बसली, तिने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, मागे टाकली. कुठेही काही लागलं नाही.

"हळू चालवीन," ती म्हणाली. "तुमचं उद्या आणू. पण माप स्टुलावर बसून."

मास्तर मागे बसले. गाडी एकही हिसका न देता निघाली, आणि मास्तरांचे दोन्ही हात सवयीने मांडीवरचं गाठोडं धरायला गेले. गाठोडं नव्हतं. थोडा वेळ हातांचं काय करावं ते त्यांना समजेना.

"मला धरा की," बायको पुढून म्हणाली.

सासरे फाटकातच उभे होते. आता आपली कशी जिरणार, याचा विचार मास्तर अर्धा रस्ता करत आले होते. पण सासऱ्यांनी गाडीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि जवळ येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला. शिवण तपासली, खांद्याशी बोट घालून पाहिलं.

"कुठे चुणी नाही, कुठे काचत नाही," ते म्हणाले. "मापात बसलंय अगदी. कुणी निवडलं गं?"

"ह्यांनी," बायको हेल्मेट काढत म्हणाली. "दुकानातली मुलगी मोठं होईल म्हणत होती. हे ऐकलेच नाहीत."

सासऱ्यांनी मान वळवून जावयाकडे कौतुकाने पाहिलं, आणि मास्तरांच्या टाचा आपोआप उचलल्या गेल्या.