झटका मिक्स

संगीत शिकायला वर्षानुवर्षं घालवावी लागतात असं म्हणणारे लोक एक तर आळशी असतात, नाहीतर संगीताचे शिक्षक असतात. मी दिवाळीच्या सुट्टीत शिकलो. तेही गुरूबिरू न करता, पांढरकवड्यातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात, गिऱ्हाइकांचे सातबारे काढता काढता.

डीजेवर जे धाडधाड वाजतं आणि पोट्टे ज्याच्यावर बेभान नाचतात, ते संगीत बनवायचं सॉफ्टवेअर मी फुकट उतरवून घेतलं. फुकटचं असल्यामुळे त्याच्यात थोडं कमी-जास्त होतं. एका गाण्यात चारच आवाज लावता येत. चांगल्या आवाजांवर कुलपाचं चित्र असे. आणि गाणं तयार झालं की ते मिनिटभर वाजून मध्येच काही क्षण मुकं होई, मग पुन्हा आपोआप सुरू. दुसरा कोणी असता तर हातपाय गाळून बसला असता. मी म्हटलं, मोठमोठे कलाकार गाण्यात शांतता आणायला धडपडतात, इथे ती कंपनीच देऊन राहिली आहे. नाही कशाला म्हणा?

त्याच सुमारास माझ्या चुलत बहिणीचं, निकिताचं लग्न ठरलं. हळदीच्या संध्याकाळी डीजेची गादी मला मिळणार हे मी परस्परच जाहीर केलं. निकिता एक दिवस दुकानात आली आणि स्टुलावर बसून म्हणाली, "नयनदादा, मले एकच पाह्यजे. बाबा माह्या हळदीत नाचले पाह्यजे."

तिचे बाबा म्हणजे माझे मोठेबाबा, विठ्ठलराव. हा माणूस लग्नात जातो, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो, दोन्ही गुडघ्यांवर दोन हात ठेवतो आणि जेवणाची हाक येईपर्यंत पापणीही हलवत नाही. स्वतःच्या वरातीत मित्रांनी ओढलं तर घोडीचा लगाम धरून उभे राहिले होते म्हणे.

"कधीच नाही नाचले ते," निकिता म्हणाली. "उद्या मी सासरी गेल्यावर कोनासाठी नाचतीन?"

तिचा आवाज जरा ओला झाला. माझं तर काळीजच हललं. मी घरी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मोठेबाबा माझ्या गाण्यावर नाचले नाहीत, तर हे हेडफोन गळ्यातून काढून विहिरीत टाकीन."

"विहिरीत नको टाकू बे," मोठेबाबा खुर्चीतूनच म्हणाले. "पानी प्यावं लागते."

आता मोठेबाबांना नाचवायचं तर गाणं त्यांच्या ओळखीचं पाहिजे. या प्रकारच्या संगीतात एक युक्ती असते. आवाज चढत चढत जातो, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, आणि मग एकदम सगळे ढोल कोसळतात. त्या कोसळण्याला ड्रॉप म्हणतात. पण चढणाऱ्या आवाजावर कंपनीने कुलूप लावलेलं. मी कुकरची शिट्टी रेकॉर्ड करून पाहिली, पिठाच्या गिरणीत जाऊन आलो. काही जमेना. शेवटी एक दिवस मोठेबाबांच्या वावरात गेलतो आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मला माझं वाद्य सापडलं. झटका मशीन!

ज्यांना शेत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रानडुकरं पीक खाऊन जातात म्हणून वावराभोवती तार लावतात आणि तिला हे मशीन जोडतात. बॅटरीवर चालतं. दिवसरात्र टक, टक, टक असा आवाज करतं आणि तारेत थोडा थोडा करंट सोडत राहतं. डुक्कर मरत नाही, झटका खाऊन पळतं. आणि तारेला काही लागलं की मशीनवरचा भोंगा असा चढत्या आवाजात बोंबलतो की गावापर्यंत ऐकू जातो. टक टक हा माझा ठेका झाला. भोंगा बटण दाबून वाजवता येतो, तो मी मोबाइलमध्ये भरून घेतला. आमच्या गावात सगळ्यांनी मशीन एकाच दुकानातून आणलेलं, म्हणजे हा आवाज घराघरात ओळखीचा. आणखी काय पाहिजे? भोंगा चढतो, मग कंपनीची शांतता, मग ड्रॉप. मी गाण्याला नाव दिलं झटका मिक्स.

हळदीची संध्याकाळ आली. हरभरा तेव्हा घाट्यांनी भरलेला होता, पण मांडवात त्याची आठवण कोणाला असणार, असं मला वाटलं. माझा मित्र संघदीप त्याच्या गाडीवर लावलेले स्पीकर घेऊन आला. निकिताला हळद लागली, मोठीआईने, म्हणजे तिच्या आईने, सगळ्या जावांचे गाल पिवळे केले, दोन-चार नेहमीची गाणी झाली. मोठेबाबा समोरच खुर्चीवर, हात गुडघ्यांवर.

मी माइक घेतला. "आता आपल्या गावचं, आपल्या मातीतलं गाणं." आणि बटण दाबलं.

टक. टक. टक. टक.

काय परिणाम झाला, सांगू? मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. पान लावणाऱ्याचा हात थांबला. मोठेबाबांचे हात गुडघ्यांवरून सुटले. मी निकिताला खूण केली, पाहा.

मग भोंगा चढायला लागला. मोठेबाबा उभे राहिले. माझ्या बहिणीचे बाबा, ज्यांना घोडीसमोर कोणी हलवू शकलं नव्हतं, ते माझ्या गाण्यावर उभे राहिले! त्यांच्या मागे पंधरावीस पागोटी, टोप्या, दुपट्टे उठले. अख्खा मांडव ताठ. आणि नेमकी तेव्हाच कंपनीची शांतता आली.

"बंद पडलं," कोणीतरी म्हणालं.

"बंद कसं पडन बे? बॅटरी काढली कोनीतरी!"

"कोनाची?"

"पहिले पाहू तर!"

मांडवाची कनात एका बाजूने वर गेली आणि सगळं वऱ्हाड तिच्याखालून वावरांकडे पळालं. कोणी मांडवाचा बांबू उपटला, कोणी भाजीचा झारा घेतला. माझा ड्रॉप आला तेव्हा तो ऐकायला रिकाम्या खुर्च्या, संघदीप आणि एक बहिरी आजी होती. आजी टाळ्या वाजवत होती.

मी अजून खूश होतो. पहिल्याच गाण्याला एवढा प्रतिसाद कोणाला मिळतो?

"नयन," संघदीप म्हणाला, "तो भोंगा तू गान्यात टाकला काय बे?"

"हाव. काहून?"

तो डोक्याला हात लावून बसला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. भोंगा वाजला म्हणजे वावरात डुकरं, आणि भोंगा वाजता वाजता गप्प झाला म्हणजे बॅटरी चोरीला. मी धावलो. माझ्या मागे निकिता धावली, आणि तिच्या मागे मोठीआईचा आवाज. "वा वं! हळद लागलेली पोरगी वावरात कुठी चालली? माघारी ये म्हनते ना!"

वावरात मोबाइलच्या उजेडात गर्दी जमली होती. जो तो आपापलं मशीन पाहून येत होता आणि चोर सापडत नाही म्हणून शेजाऱ्यावर संशय घेत होता. झारेवाला आणि बांबूवाला तर जुन्या धुऱ्याच्या भांडणापर्यंत पोचले होते. मोठेबाबा धुऱ्यावर अनवाणी उभे, समोर त्यांचं मशीन हिरवा दिवा लावून शांतपणे टकटकत होतं.

"बॅटरी हाय," ते स्वतःशीच म्हणत होते. "तार हाय. डुक्कर नाही. मंग वाजलं काय?"

खरं सांगायचं तर मला तिथून पळून जायचं होतं. पण ते भांडण आता हातघाईवर आलं होतं. मी मोठ्याने सांगितलं, "मोठेबाबा, ते माहं गानं होतं."

"गानं?" मोठेबाबा माझ्याकडे वळले, आणि वळताना आधारासाठी त्यांनी हात टेकला, तो नेमका तारेवर. जमीन ओलिताची.

ते हातभर उडाले. खाली येतायेता दुपट्टा तारेत अडकला म्हणून तो सोडवायला गेले, तर पुन्हा झटका, पुन्हा उडी, या वेळी एका पायावर गिरकी घेऊन. वरून खरा भोंगा सुरू झाला. टक टकचा ठेका होताच. जसंच्या तसं माझं गाणं, फक्त मधली शांतता नव्हती.

"बाबा नाचले!" निकिता ओरडली. तोंडाला हळद, हातात चपला, आणि हसता हसता ती धुऱ्यावरच बसली. तिला पाहून बांबूवाला हसला, मग झारेवाला, मग सगळेच. मी एकटा हसलो नाही. मोठेबाबांचा हात किती जड आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मोठेबाबा तारेपासून बाजूला झाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते निकिताकडे पाहत होते. ती एवढी हसलेली मीही कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. मग त्यांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला, दोन्ही हात वर केले आणि आणखी दोन उड्या मारल्या. या उड्या मारताना तार त्यांच्यापासून चांगली लांब होती.

निकिता हसायची थांबली आणि रडायला लागली. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. हेडफोन विहिरीत टाकायचे की नाही यावर घरात अजून दोन पक्ष आहेत, कारण पहिल्या दोन उड्या धरायच्या की शेवटच्या दोन, हे ठरत नाही. तोवर ते माझ्या गळ्यातच आहेत.

निकिता सासरी गेली आणि काही दिवसांनी मोठेबाबा दुकानात आले. थोडा वेळ उगाच खुर्चीवर बसले, हात गुडघ्यांवर. मग म्हणाले, "नयन, ते तुहं गानं देजो मले."

पोरीची आठवण येत असेल. मला भरून आलं. मी पेनड्राइव्हमध्ये गाणं टाकून दिलं.

त्यांनी वावरात एक स्पीकर बसवला आणि ते त्याला लावलं.

"नुसत्या भोंग्याची सवय झालती डुकराईले," त्यांनी नंतर मला समजावलं. "तुह्या गान्याची नाही होत. ते मधात गप्प बसते ना, तेवढ्यात डुक्कर म्हनते, गेलं बाप्पा. अन् मंग एकदम जे धडाधडा सुरू होते..." ते पसंतीने मान हलवत राहिले. कलेची अशी बारीक समज मी भल्याभल्यांत पाहिली नाही.

आता गावोगावचे लोक गाणं न्यायला दुकानात येतात. मध्ये मी पैसे भरून पूर्ण सॉफ्टवेअर घेणार होतो, तर मोठेबाबांनी दम दिला की त्या शांततेला हात लावशील तर याद राख.

परवाच केळापूरकडून एका अनोळखी शेतकऱ्याचा फोन आला. झटका मिक्स एकदम जबरदस्त आहे म्हणाले. मी नम्रपणे विचारलं, "तुम्ही रोज ऐकता का?"

"मी कायले ऐकू?" ते म्हणाले. "डुकरं ऐकते. तेही एकदाच."