प्रभावतीबाईंचा डबल

"मार्च में छुट्टी? भाभीजी, आप भी मजाक करती हैं!" असं म्हणून नंदकिशोरजींनी प्रभावतीबाईंचा रजेचा अर्ज परत केला आणि वर चहाही पाजला.

नंदकिशोरजी म्हणजे जयपूरच्या रेल्वे कचेरीतले हिशेबाचे साहेब. त्यांच्या हाताखाली शेषराव आणि शेषरावांच्या हाताखाली शेषरावांचीच बायको. घरी हा क्रम उलटा होता. लेक गौतमी पुण्यात पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. आईला महिनाभर तिच्याजवळ राहायचं होतं, साहेबांना ताळेबंद जुळवायचा होता.

अशात नवरा-बायकोंच्या जोड्यांसाठी पत्त्यांतल्या ब्रिजच्या स्पर्धेची सूचना लागली. जयपुरात जिंकणारं जोडपं चार दिवस पुण्याला खेळायला जाणार, तेही ड्यूटीवर. ड्यूटीला साहेबसुद्धा नाही म्हणू शकत नव्हते.

"चार दिवस तर चार दिवस. लेकीचं तोंड तरी दिसेल!" शेषराव म्हणाले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी बायकोची शिकवणी सुरू केली. पोळी लाटताना प्रभावतीबाईंना प्रश्न यायचा, "समोरच्यांनी बारा हातांची बोली केली आणि जोडीदारानं डबल दिला, मतलब काय?"

"नेहमीचं पान खेळू नका. समोर पानं उघडी पडणार असतात ना, त्या भिडूनं बोललेला रंग खेळा. जोडीदाराकडे त्या रंगाचं एकही पान नसतं, तो हुकूम मारणार असतो."

"शाब्बास! आणि टेबलावर बोलायचं नाही, खुणा नाहीत, चेहरा मख्ख."

"तुमचा ठेवा म्हणजे झालं."

तर रेल्वे कॉलनीतल्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे क्लबात, एकेक जोडी गळत गेली आणि शेवटी दोनच उरल्या. शेषराव-प्रभावतीबाई आणि खुद्द नंदकिशोरजी व त्यांच्या पत्नी वीणाजी. शेवटचा डाव राहिला तेव्हा शेषराव थोडे पुढे होते. आनंद त्यांच्या कानांच्या पाळ्यांपर्यंत पोचला होता.

साहेबांनी इस्पिक बोलून सुरुवात केली. शेषरावांच्या हातात बदामचे राजा, राणी, गुलाम. त्यांनी ठणकावून बदाम सांगितला. वीणाजींनी चौकट सांगितली. बोली चढत गेली आणि साहेब एकदम म्हणाले, "सिक्स स्पेड्स!" म्हणजे इस्पिक हुकूम आणि तेरापैकी बारा हात. शेषराव मनात हसले. बदामचा राजा टाकायचा, की साहेब खड्ड्यात.

"डबल," प्रभावतीबाई म्हणाल्या. पंख्याकडे बघत.

शेषराव चमकले. डबल? म्हणजे बदाम खेळू नका? साहेबांनी चष्मा पुसला, भाभीजींकडे कौतुकानं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "रिडबल."

गुण चौपट झाले; आता हा डाव म्हणजे अख्खी स्पर्धा. शेषराव हातातल्या राजाकडे बघत बसले. बाई नियम विसरली असेल तर? पण पोळी लाटताना न अडखळता सांगितलेला नियम! शिवाय चौकटची चार पानं त्यांच्याकडेच होती, वीणाजींकडे पाच तरी असणार. बायकोकडे उरणार काय? काहीच नाही! ती हुकूम मारणार! हिशेब जुळला. हिशेब जुळला की शेषरावांना पुढचं काही दिसत नसे. त्यांनी चौकटची दुर्री टाकली.

वीणाजींनी पानं मांडली. बदामचा एक्का त्यांच्याकडे होता. त्यांनी साधं पान टाकलं आणि प्रभावतीबाईंनी त्यावर ठेवला चौकटचा एक्का.

शेषराव खुर्चीत अर्धे उठले. हुकूम नाही, एक्का! हात मिळाला, पण तो एकच. एक्का गेल्यावर वीणाजींची सगळी चौकट मोकळी झाली आणि साहेबांनी तिच्यावर आपले हरणारे बदाम एकेक करून फेकून दिले. राजा, राणी, गुलाम शेषरावांच्या हातातच म्हातारे झाले. बारा हात पुरे. स्पर्धा साहेबांची.

"भाभीजी, आपका डबल कमाल का था," साहेबांनी हात जोडले.

बाहेर स्कूटरपाशी आल्यावर शेषरावांचा बांध फुटला. "अगं, काय करायलीस तू? मी बदाम बोललो होतो! राजा टाकला असता तर त्यांचा एक्का आधीच निघाला असता. तुझा एक्का आला की माझी राणी वाजली असती. एका हातानं बुडाले असते!"

"माहीत होतं की. म्हणूनच डबल दिला."

शेषरावांच्या हातातली किल्ली खाली पडली.

"अहो, चार दिवस पुण्याला जाऊन दिवसभर पत्ते कुटायचे. चार दिवसांत बाळंतपण उरकतं का? आता साहेब जातील पुण्याला. त्यांच्या खुर्चीचा चार्ज कोणाकडे?"

"माझ्याकडे."

"रजेवर सही कोणाची?"

"मा... माझी." शेषरावांनी मनात तारखा मोजल्या. "महिन्याची?"

"पूर्ण महिन्याची. उद्या मुलीला कळवते."

"आणि मी?"

"तुम्ही चार्जवर. कामाला येते ती भागुबाई देईल डबा करून."

"पण मला सांगायचं तरी! मी बावळटासारखा जीव तोडून जिंकायला बघत होतो!"

प्रभावतीबाई पदर सावरून मागच्या सीटवर बसल्या.

"म्हणून तर साहेबांना काही कळलं नाही."