मानाचा कोत

हेमांगीने फ्रीझर उघडला. आत बर्फाचे दोन ट्रे आणि रविवारचे बोंबील होते. कोत नव्हता.

"नलूमावशी, माझा मासा?"

"दिला," अंगणात सुकट पसरत नलूमावशी म्हणाली.

"दिला? कुणाला?"

"आत्मारामबाबांना. तूच काल नाचत सांगितलंस ना, बारा वर्सांनी खाडीत कोत आला म्हणून? आमच्यात लय दिसांनी आलेला मासा पयला आळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला देतात. तुला ठाऊक नसंल, म्हणून मीच देऊन आले."

हेमांगीने फ्रीझरचं दार लोटलं. सफाळ्याची ही मुलगी खाडीतल्या जुन्या-नव्या माशांची नोंद करायला दोन महिने चिंचणीत नलूमावशीकडे राहिली होती. कोत आहे असं सिद्ध झालं, तर खाडीचं मुख राखून ठेवा असं अहवालात लिहिता येणार होतं. नाहीतर त्याच्या नावापुढे 'आढळत नाही', आणि मग भराव घालायला सगळे मोकळे. काल फोटो पाहून अहवाल तपासणारे मनीष सर म्हणाले होते, "फोटो कुठलाही असू शकतो. परवा दहाला कोळगावच्या ऑफिसात मासाच घेऊन ये." पण मासा नमुन्याच्या बरणीपेक्षा वीतभर लांब निघाला आणि फ्रीझरमध्ये गेला. घर नलूमावशीचं, फ्रीझरही तिचाच. मग दुसरं काय होणार?

आत्मारामबाबा ओट्यावर जाळं सांधत होते. वय नव्वद, दात शून्य.

"कोत? आला होता. शेजारच्या आनंदीकडं धाडला. पोरीला सातवा लागलाय, तिनं खावा."

हेमांगी वळली, पण बाबांनी हात धरून बसवलंच. पूर्वी कोत कुठल्या महिन्यात येत, होडीच्या तळाला कान लावून त्यांचा आवाज कसा ऐकायचा, तो आवाज कुठल्या वर्षी बंद झाला, सगळं त्यांनी सांगितलं. हेमांगी अर्धा जीव आनंदीच्या चुलीवर टांगून लिहीत होती. दोन महिन्यांत बाबा तिच्याशी इतकं बोलले नव्हते. तिने तरी छापील प्रश्नांपलीकडे काय विचारलं होतं?

आनंदीकडे पोचली तेव्हा भांडं घासून पालथं पडलं होतं.

"मला वासच नको झाला गो ताई. सासूबाईंनी कालवण केलं नि ज्याचा मान त्याला देऊन आल्या."

"आता आणखी कुणाचा मान?"

"ते काय बोलल्या नाय. आता बाजाराला गेल्यात. शेपटी ठेवली होती, ती मांजरीनं नेली."

मग हेमांगीने आळीतल्या सहा घरांत डोकावून पाहिलं. सहाही घरांत कालवण होतं, कोत एकातही नव्हता. संध्याकाळी ती रडवेली होऊन परतली. नलूमावशीने काही न विचारता भात-कालवण वाढलं. दिवसभराच्या उपाशी पोरीने बघता बघता दोनदा भात घेतला.

"मावशी, काय चव आहे!"

"असणारच. तू बाबांकडं होतीस तवा आनंदीच्या सासूनं आणून दिलं. म्हणाली, कोत ज्या पोरीला दिसला तिचाबी मान."

हेमांगीचा घास हातातच राहिला. दोन महिन्यांची मेहनत तिने दोन वाढणीत संपवली होती. तिला खरोखर रडू आलं. ताटात आता फक्त डोकं उरलं होतं. डोकं! तिने ते घाईघाईने फोडलं, आणि आतून माशाच्या कानातले दोन पांढरे खडे निघाले. प्रत्येक जातीच्या माशाचा खडा वेगळा. कोत ओळखायला तेवढा खडा पुरतो, आणि कालवणात शिजूनही तो तसाच राहतो.

ती खडे धूत होती, तेवढ्यात दारात काठी वाजली. आत्मारामबाबा एक गंजका डबा घेऊन आले होते.

"मासा खा, पण खडा मला द्या, असं सांगून ठेवलं होतं. कुठं हाय?"

डबा उघडला. दरसालच्या मानाच्या कोताचे खडे, बाबांच्या वडलांपासूनचे. तळाशी चिंचोक्याएवढे, वर येता येता बारीक होत गेलेले, आणि मग बंद.

"बाबा, हे मला आधी का नाही दाखवलंत?"

"तू मासे इचारलेस. खड्यांचं कुठं इचारलंस?"

हेमांगीने धुतलेले दोन्ही खडे पुढे केले. बाबांनी त्यातला एक तिच्या तळहातावर ठेवला. दुसरा डब्यात टाकला आणि तो टणकन वाजला तसे हसले. मग अख्खा डबाच तिच्याकडे सरकवला.

"सायबाला दाखव नि परत आण. अजून जागा हाय त्यात."