गुट्टेबाईंचे फुगे

"सर, तुमच्या जिन्यात एक फुगा फोडू का?"

वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या गुट्टेबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या अशा. भर दुपार होती, मी क्लासवरून जेवायला घरी आलो होतो. साठी ओलांडलेली बाई, सुती साडी, गळ्यात भलामोठा हेडफोन आणि हातात लाल फुगा. मी हो म्हणायच्या आतच त्यांनी टाचणी टोचली. आवाज पूर्ण जिरेपर्यंत त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग पायरीवरचा रेकॉर्डर उचलून म्हणाल्या, "जिना बरा हाय. पण अर्धा आवाज तुमचं चपलांचं कपाट गिळून राहिलंय."

मी लातुरात एका कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. दिवसभर पोरांच्या शंका ऐकून मलाही शंका घ्यायची सवय लागलेली. साठीची बाई फुगे का फोडते, हा प्रश्न काही मला सोडेना.

त्यात वरून येणारे आवाज. कधी माळावर वारा सुटल्यासारखे, कधी विहिरीत घागर सोडल्यासारखे. एकदा तर अशी घरघर झाली की अख्खी सोसायटी पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली. भूकंप सोसलेल्या आमच्या भागात जमिनीखालून आल्यासारखा आवाज झाला की कुणी कारण विचारत बसत नाही. बाई गॅलरीतून वाकून म्हणाल्या, "काही न्हाई. सिनेमातला ढग हाय. जा घरात."

मग हळूहळू कळलं. हैदराबादकडचे कुणी लघुपट काढतात, त्यांना बाई पार्श्वसंगीत करून देतात. गाणं नाही, तालही नाही, नुसतं वातावरण. पहाट, धुकं, रिकामं गाव. रिटायर झाल्यावर मोबाइलवर बघून बघून त्या हे शिकल्या. संगणकातल्या संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायची छोटी छोटी अवजारं असतात, त्यांना प्लगइन म्हणतात. एक प्लगइन साध्या सुराचं धुकं करतं, एक त्या सुराला देवळात नेऊन ठेवतं.

बाईंचा कुणावर विश्वास नव्हता. फुकटच्या प्लगइनवर तर मुळीच नाही. "फुकट देणारा काहून देतो, सर? आपला आवाज उचलून न्यायला." माइक वापरून झाला की त्याच्यावर शाल पांघरायच्या, उघडा राहिला तर कुणीतरी ऐकेल म्हणे. माणसांबद्दलही तेच. "तुमचा आवाज लई कोरडा हाय," असं त्या मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या. कोरडा म्हणजे ज्याच्याभोवती जागा नाही असा, हे मला नंतर समजलं. तोवर मी दोन दिवस खोकल्याचं औषध घेतलं होतं.

आमचे सेक्रेटरी बिराजदार काका, पूर्वी त्यांची दालमिल होती. बाईंनी त्यांना जिन्यात गाठून विचारलं, "तुमचा कुकर बरोबर माझ्या रेकॉर्डिंगच्या टायमाला कसा शिट्टी मारतो?" तेव्हापासून काकांचा बाईंवर दात. बाईंनी त्यांच्या बंद गोदामात जाऊन चार फुगे फोडले, हे वॉचमननं सांगितलं तेव्हा काका मला म्हणाले, "सर, ही बाई साधी न्हाई. करणीचा प्रकार हाय, न्हाईतर आपलं बोलणं टिपून घेऊन राहिली."

मी हसलो. पण त्या दिवशी घरात बोलताना खिडकी लावून घेतली.

एका रविवारी सकाळी काका धापा टाकत आले. "चला वर. बाई पोरींची नावं घेऊन राहिली."

जिन्यात आम्ही कान देऊन उभे राहिलो. आतून बाईंचा आवाज येत होता, पण दोन खोल्यांच्या घरातून यावा तसा नाही. एखाद्या उंच छताच्या मोठ्या खोलीतून यावा तसा, मागं गुंजत.

"मीरा राठोड..."

मग शांतता. नाव गुंजून विरायचं आणि पुढचं नाव यायचं. उत्तर कुणाचंच नाही. काकांनी माझा दंड धरला. मी बेल दाबली.

दार साखळीपुरतं उघडलं. "कुणी पाठवलं तुमाला?"

"कुणी न्हाई," काका म्हणाले. "आत कोण पोरी हायत?"

बाई आमच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी साखळी काढली.

आत पोरी नव्हत्या. एक टेबल, संगणक, दोन स्पीकर आणि पडद्यावर एक फोटो: पत्र्याच्या छपराचा लांबलचक हॉल. किनवटच्या जंगलात मुलींचं वसतिगृह होतं, बाई तिथं पंचवीस वर्षं अधीक्षिका होत्या. हॉल पाडणार असं कळलं तशा त्या फुग्यांचं पाकीट घेऊन रेल्वेनं किनवटला गेल्या. रिकाम्या जागेत फुगा फोडला की ती जागा कशी घुमते ते टिपता येतं. ते प्लगइनमध्ये घातलं की कुठलाही आवाज त्या जागेत बोलल्यासारखा होतो.

"आता तिथं नुसतं मैदान हाय," बाई म्हणाल्या. "हॉल एवढाच उरला." त्यांनी संगणकाकडं बोट केलं. "रोज सांजच्याला हजेरी घ्यायची मी. पोरी आता कुठं कुठं नांदून राहिल्या. फोन न्हाई करत. करतील बी कशाला, आपल्या घरात सुखी हायत त्या."

काका इकडंतिकडं बघू लागले.

बाईंनी माइक माझ्यापुढं सरकवला. "आलाच हाय तर एक काम करा. मी नाव घेते."

त्यांनी बटण दाबलं. "मीरा राठोड."

मी म्हणालो, "हजर, बाई."

मग त्यांनी ते वाजवलं. नाव पत्र्याखालून गुंजत गेलं आणि त्याच्यामागून माझा आवाज आला, लांबून, हॉलच्या दारातून आल्यासारखा. बाई ऐकत होत्या. त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही, काही नाही. नुसती मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं.

"कमल आत्राम."

बिराजदार काका पुढं झाले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली, माइकवर वाकले आणि घसा खाकरून म्हणाले, "हजर."

"जरा मोठ्यानं," बाई म्हणाल्या. "मागच्या रांगेत बसती ती."