रामटेकेजींची हरवलेली माणसं

रामटेकेजी हरवलेल्या लायब्ररीची चौकशी हरवलेल्या माणसासारखी करत.

प्रिंटरवर 'अमुक लायब्ररी सापडत नाही' असा कागद आला, की तो हातात धरून ते कॉरिडॉरमध्ये जात आणि भेटेल त्याला विचारत, "सॉल्व्हबी पाह्यला का गा कुठं?" टायपिस्ट, शिपाई, कोणीही चालायचं. एकदा चहावाल्याने विचारलं, "कोणत्या सेक्शनला असते साहेब?"

"तेच तर शोधून राहिलो!" रामटेकेजी म्हणाले आणि पुढे गेले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरात खाणींच्या कामासाठी एक लहानसं कॉम्प्युटर सेंटर होतं. रामटेकेजी तिथले ऑपरेटर आणि मी नवी प्रोग्रॅमर. प्रोग्रॅम आमच्याकडे टेपवर मूळ मजकुराच्या रूपात येई आणि आमच्या यंत्रावर नव्याने बांधावा लागे. त्याला लागणारे छोटे तयार तुकडे 'लायब्ररी' नावाच्या संचांत असत. एखादा तुकडा किंवा अख्खी लायब्ररी मिळाली नाही, की बांधणी तिथेच थांबे.

'एरर' हा शब्द रामटेकेजींच्या तोंडी कधीच नसे. ते म्हणत, "माणूस हरवला." मग तपास सुरू. शेवटचा कुठे दिसला? कोणासोबत आला होता? एकदा असा 'माणूस' उमरेडच्या ऑफिसात सापडला. रामटेकेजी उमरेडचेच. टेपचा डबा मांडीवर घेऊन ते सकाळच्या एसटीने निघाले. कंडक्टरने विचारलं, "डब्यात काय हाये?" हे म्हणाले, "माणूस हाये, नागपूरले पोचवून राहिलो." कंडक्टरने बस थांबवून डबा उघडायला लावला.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. न येणारी गोष्ट विचारण्यापेक्षा गप्प बसणं मला सोपं वाटे. माझे सहा महिने उमेदवारीचे होते आणि शेवटच्या आठवड्यात खाणीतलं पाणी उपसण्याचा प्रोग्रॅम माझ्याकडे आला. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "शुक्रवारपर्यंत चालला पाहिजे. आणि यंत्रावरचे फार रन वाया गेले, तर कायम करणं कठीण आहे."

सोमवारी बांधणीत अकरा तुकड्यांची नावं सापडेनात. मंगळवारी तीच अकरा, बुधवारीही तीच. लागणाऱ्या दोन्ही लायब्रऱ्या यंत्रावर होत्या, यंत्र वरून खाली वाचत एकेक जोडत जाई त्या यादीत होत्या, नावं बरोबर होती. मी तेच पुन्हा पुन्हा चालवत राहिले.

गुरुवारी रामटेकेजी खुर्ची ओढून बसले. "काहून विचारत नाही वं पोरी? तोंड शिवलं का तुह्यं? दाखव यादी."

मी दाखवली. ते हसायलाच लागले. "हे अशी कोणी लावली?"

"मी. अक्षरांच्या क्रमाने." शाळेत आम्हाला प्रत्येक यादी तशीच लावायची सवय होती. त्यामुळे दोन्ही लायब्रऱ्या सगळ्यांत वर होत्या आणि मुख्य प्रोग्रॅम तळाशी.

रामटेकेजींनी टेबलावर चार कागद ओळीने मांडले. "ह्या पत्रावळी." मग पाण्याचा जग उचलला. "मी वाढपी. हे वरण." ते टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गंभीरपणे चालत गेले आणि थांबले. "आता आणखी एक पत्रावळ मांड आन् वरण माग."

मी कागद ठेवला. "वरण."

"वरण गेलं! वाढपी एकदाच फिरते, मांगं वळत नाही. तुह्या लायब्रऱ्या वाढून गेल्या तेव्हा पंगतीत कोणी बसलंच नव्हतं. मागणारे आधी बसव, वाढपी मांगून पाठव."

मी दोन्ही लायब्रऱ्या तळाशी नेल्या. अकरा नावांचं एक झालं! पण ते एक काही केल्या हलेना. ते पहिल्या लायब्ररीत होतं आणि त्याला मागणारी होती तिच्या नंतरची दुसरी लायब्ररी. मी यादीकडे बघत राहिले. मग आपणहून तोंड उघडलं.

"रामटेकेजी, वाढप्याला दुसरी फेरी मारायला लावली तर?"

त्यांनी जग टेबलावर आपटला. "लाव!"

पहिल्या लायब्ररीचं नाव मी यादीच्या शेवटी पुन्हा एकदा लिहिलं. प्रिंटर थोडा खडखडला आणि थांबला. कागदावर एकही नाव नव्हतं. रामटेकेजी ओरडले, "सगळे जेवले!" शेजारच्या खोलीतला टायपिस्ट धावत आला आणि विचारू लागला, कोणाकडे?

शुक्रवारी साहेबांसमोर प्रोग्रॅम झरझर चालला. त्यांनी रनचं रजिस्टर मागवलं, आठवड्याची पानं चाळली आणि म्हणाले, "बाईंचा एकही रन वाया नाही. उत्तम. कायमचा कागद सोमवारी काढतो."

ते गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. ते भरायचं काम ऑपरेटरचं. माझे चौदाच्या चौदा फसलेले रन तिथे होते. प्रत्येकापुढे लिहिलं होतं: टेप खराब, रामटेके.

"हे माझे आहेत," मी म्हणाले.

"मले काय फरक पडते? ऑपरेटरच्या नावावर फेलच लागते. पास झालं तर प्रोग्रॅमरचं. अठरा वर्षांचा हिशोब हाये हा." ते टेप गुंडाळत राहिले, माझ्याकडे न बघता.

मी पेन घेतलं. शेवटच्या ओळीत 'यशस्वी' लिहिलेलं होतं, पुढे माझं नाव. त्याच्याशेजारी मी लिहिलं: आणि रामटेके.

"काहून लिहिलं वं? साहेब रागावतीन."

"चूक असेल तर खोडतील."

त्यांनी चष्मा लावला. रजिस्टर खिडकीपाशी नेऊन ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग शाई वाळावी म्हणून तिच्यावर हळूच फुंकर घातली. मी बॉलपेनने लिहिलं होतं.